मेंदूतील गाठ आणि भूल : शुद्ध हरपताना व परतताना

दोडामार्ग हा महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाचा, गोव्याच्या सीमेस खेटून असलेला तालुका. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये अस्तित्वात आला आणि १९९९ मध्ये सावंतवाडी तालुक्यातील गावे वेगळी काढून दोडामार्ग तालुका करण्यात आला. केळी, काजू, अननस आणि रबर यांच्या बागायतीचा हा मुलूख. साध्या आजारावर येथे जवळपासच उपचार होतात. परंतु डोके रोज पहाटे दुखू लागले, उलट्या होऊ लागल्या, किंवा चाळिशी उलटलेल्या माणसास आयुष्यात प्रथमच फिट आली आणि तपासणीत मेंदूत गाठ निघाली, की तालुक्याबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नसते. कोणी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, कोणी बेळगावास वा कोल्हापुरास, तर कोणी मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात.

शस्त्रक्रिया ठरली की घरात दोन शंका डोके वर काढतात. पहिली गाठीविषयी असते आणि ती शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांस विचारली जाते. दुसरी भुलीविषयी असते, आणि ती बहुधा डॉक्टरांस विचारलीच जात नाही. ती ओटीवर, एस. टी. च्या थांब्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या कचेरीत बोलली जाते. इतके तास भूल दिल्यावर माणसाचे डोके पूर्वीसारखे चालेल काय? हिशेब, नावे, वाट, बोलणे परत येईल काय? भूल देणाऱ्या डॉक्टरांचे नावदेखील आपल्याकडे रुग्णास ठाऊक नसते, मग ही शंका विचारावी तरी कोणास? या भीतीपोटी शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली गेली, तर दरम्यान गाठ वाढण्याचा धोका असतो. म्हणून या शंकेचे उत्तर, आज जेवढे ज्ञात आहे तेवढे, समजून घेणे उचित ठरेल.

भूल म्हणजे झोप नव्हे

शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाची शुद्ध मंद करावी ही कल्पना आपणास नवी नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी मद्य देण्याचा निर्देश आहे. बल्लाळाच्या 'भोजप्रबंधा'त तर भोजराजास चूर्णाने बेशुद्ध करून त्याच्या कवटीतील विकार काढल्याची आणि नंतर त्यास शुद्धीवर आणल्याची कथा आहे. अर्थात ती कथाच होय, इतिहास नव्हे. आधुनिक भुलीचा आरंभ १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी इथरच्या साहाय्याने केलेल्या जाहीर प्रयोगापासून मानला जातो. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे सर्वसाधारण समजूत अशी होती की, कंदिलाची वात खाली करावी त्याप्रमाणे भुलीचे औषध सबंध मेंदूचे कार्य एकसारखे मंद करते.

गेल्या तीन दशकांतील संशोधनाने या समजुतीत महत्त्वाची दुरुस्ती केली. मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असतो, परंतु विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. माणूस काहीही न करता स्वस्थ पडला असताही त्याचा मेंदू स्वस्थ नसतो. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि त्यांच्या अमेरिकेतील सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, बोटही न हलविता पडलेल्या माणसाच्या मेंदूत हाताची हालचाल घडविणारी डावी व उजवी क्षेत्रे एकाच लयीत कमीअधिक होत असतात. एम. आर. आय. यंत्राने रक्तातील प्राणवायूचे सूक्ष्म चढउतार टिपून हे दिसले. दोन क्षेत्रे अशा प्रकारे एकाच तालावर चालली की त्यांच्यात जोडणी आहे असे समजले जाते. पुढे भाषा, अवधान, स्मरण, आत्मचिंतन यांची स्वतंत्र जाळी याच पद्धतीने ओळखता आली. लक्ष देणे, लक्षात ठेवणे, नेमका शब्द आठवणे, कामाची आखणी करणे या शक्तींना मिळून बोधनशक्ती म्हणतात. ती मेंदूच्या एखाद्या कप्प्यात ठेवलेली वस्तू नसून या जाळ्यांतील देवघेवीवर अवलंबून असते.

भुलीचा खरा आघात या देवघेवीवर होतो. आज सर्वत्र वापरात असलेले प्रोपोफॉल हे औषध घेऊ. चेतापेशींना शांत करणारे गाबा नावाचे रसायन मेंदूतच तयार होते. प्रोपोफॉल त्या रसायनाचा प्रभाव वाढविते. सेव्होफ्लुरेनसारखी वायुरूपाने दिली जाणारी औषधेही बऱ्याच अंशी याच मार्गाने काम करतात. परिणामी कपाळामागील क्षेत्रे आणि डोक्याच्या वरील-मागील भागातील क्षेत्रे यांचा संवाद तुटतो, तसेच मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमस या केंद्राची बाह्यपटलाशी असलेली लय बदलते. जाग्या माणसाने डोळे मिटले असता डोक्याच्या मागील भागावर दिसणाऱ्या आल्फा लहरी प्रोपोफॉल दिल्यावर पुढे, कपाळाकडे सरकतात; भूलतज्ज्ञ मेंदूच्या विद्युत्-आलेखावर हे पाहू शकतात. केटामीन हे औषध तर निराळ्याच मार्गाने काम करते. तथापि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की केटामीन, प्रोपोफॉल व सेव्होफ्लुरेन या तिन्ही औषधांनी पुढच्या भागाकडून मागच्या भागाकडे जाणारा संदेशप्रवाह क्षीण होतो.

विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, भूल दिलेल्या माणसाच्या कानाशी आवाज केला तर तो मेंदूच्या श्रवणक्षेत्रापर्यंत पोहोचू शकतो. पुढची देवघेव मात्र होत नाही. हाक पोहोचते, पण ती कोणाची व कशासाठी याचा बोध होत नाही. झोपलेला माणूस हलविल्यावर उठतो. भूल दिलेला उठत नाही. म्हणून 'तुम्हांस झोपविणार आहोत' हे डॉक्टरांचे बोल धीर देण्यापुरते ठीक आहेत. शास्त्रदृष्ट्या मात्र ते अचूक नाहीत.

निरोगी मेंदूत ही तुटलेली देवघेव औषध उतरताच पुन्हा जुळते. मेंदूत गाठ असेल तेव्हा काय होते, हा खरा प्रश्न आहे.

बंद घाट आणि वळसा

दोडामार्गच्या वाचकांस एक दाखला पटकन पटेल. पावसाळ्यात तिलारी घाटात दरड कोसळली की देशावर जाणारी वाहने थांबत नाहीत. ती आंबोली घाटाने किंवा गोव्यातून चोर्ला घाटाने वळतात. माल पोहोचतो, फक्त वेळ अधिक लागतो आणि त्या दुसऱ्या रस्त्यावर भार पडतो. घाटापलीकडच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसास रस्ता बंद आहे हे कदाचित कळणारही नाही.

मेंदूतील गाठीचे पुष्कळ अंशी असेच घडते. मेंदूच्या आवरणापासून वाढणारी मेनिंजिओमा ही गाठ बहुधा मेंदूस बाहेरून दाबते. ग्लायोमा ही गाठ मात्र चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींच्या कुळातली. ती मेंदूच्या द्रव्यातच झिरपत जाते. ग्लायोमा सावकाश वाढणारा असेल तर मेंदूस वळसा शोधण्यास अवसर मिळतो. बोलण्याचे काम शेजारचे क्षेत्र किंवा कधी दुसऱ्या बाजूचे क्षेत्र अंशतः उचलते. त्यामुळेच काही रुग्णांच्या एम. आर. आय. चित्रात लिंबाएवढी गाठ दिसते आणि रुग्ण मात्र समोर बसून बाजारभाव सांगत असतो. वेगाने वाढणाऱ्या गाठीत एवढा अवसर नसतो. तेथे सूज अधिक असते आणि उणीव लवकर दिसते.

२०१९ मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. ग्लायोमाच्या पेशी चेतापेशींशी प्रत्यक्ष संधान बांधतात आणि त्यांच्या विद्युत्-संदेशांवर आपली वाढ साधून घेतात. गाठ रस्ता अडविते इतकेच नव्हे, तर त्या रस्त्यावरील रहदारीतून स्वतःचे पोषण करते. गाठीपासून दूर असलेल्या, अगदी विरुद्ध बाजूच्या क्षेत्रांतील जोडणीही बदललेली का आढळते, याचा काही उलगडा अशा गोष्टींतून होतो.

यातून एक निष्कर्ष निघतो आणि तो कुटुंबियांनी अवश्य ध्यानी घ्यावा. बोधनशक्तीची झीज पुष्कळ रुग्णांत शस्त्रक्रियेपूर्वीच सुरू झालेली असते. दुकानाच्या वहीतील चुका, एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारणे, पूर्वी बोलका असलेला माणूस गप्प होणे, कारणावाचून चिडणे, या गोष्टी घरच्यांनी वयाच्या किंवा स्वभावाच्या माथी मारलेल्या असतात. मग शस्त्रक्रियेनंतर त्या प्रथमच नीट लक्षात येतात आणि दोष भुलीवर येतो.

थोड्या गुंगीने उघडी पडणारी उणीव

भुलीवर येणारा दोष सर्वस्वी निराधारही नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञांनी एक निरीक्षण प्रसिद्ध केले. मेंदूत गाठ असलेल्या किंवा मानेतील रक्तवाहिनी अरुंद झालेल्या रुग्णांस शस्त्रक्रियेपूर्वी किंचित गुंगी येईल इतकेच औषध दिले असता काहींचा हात वा पाय तात्पुरता दुबळा झाला, आणि तोही नेमका आजाराच्या विरुद्ध बाजूचा. रुग्ण जागा होता, बोलत होता, सांगितलेले ऐकत होता. पूर्वी होऊन गेलेली व बरी झालेली दुर्बलता औषधाने पुन्हा वर आणली होती. काहींच्या बाबतीत तर पूर्वी कधीच न दिसलेली दुर्बलता उघडी पडली.

बीजिंगच्या तिआनतान रुग्णालयातील भूलतज्ज्ञांनी हा प्रश्न अधिक बारकाईने तपासला. मेंदूच्या वरील भागात गाठ असलेल्या रुग्णांस त्यांनी चारांपैकी एक औषध सौम्य गुंगी येण्यापुरते दिले आणि आधी व नंतर त्यांची तपासणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात प्रोपोफॉल व मिडाझोलाम या दोन औषधांनी हातापायांची दुर्बलता आणि हालचालींतील विसंवाद स्पष्टपणे वाढला. फेंटानिल व डेक्समेडेटोमिडीन यांनी तसे फारसे झाले नाही. जलद वाढणारा ग्लायोमा असलेले रुग्ण अधिक हळवे ठरले. मिडाझोलामचा परिणाम फ्लुमाझेनिल या उताऱ्याने उलटविता आला. २०१९ मधील पुढच्या अभ्यासात त्यांनी नऊ छिद्रांच्या फळीत लहान खुंट्या बसविण्याची साधी चाचणी वापरली. महत्त्वाच्या क्षेत्रात ग्लायोमा असलेल्या रुग्णांस मिडाझोलाम दिल्यावर खुंट्या बसविण्यास अधिक वेळ लागू लागला, आणि उतारा दिल्यावर त्यांचा हात पुन्हा सुधारला.

उताऱ्याने हात सुधारतो याचा अर्थ काय, हे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. औषधाने नवी इजा केलेली नव्हती. मेंदूने गाठीला वळसा घालून जी आडवाट तयार केली होती ती औषधाने तेवढ्यापुरती बंद केली होती. राजरस्ता शाबूत असलेल्या माणसाच्या बाबतीत तेवढ्या गुंगीने काहीच बिघडत नाही. ज्याचा राजरस्ता आधीच बंद आहे आणि जो आडवाटेवर निभावून नेत आहे, त्याच्या बाबतीत तीच गुंगी उणीव उघडी पाडते. या घटनेचा हा उलगडा सर्वांत सयुक्तिक वाटतो. तथापि तो अद्याप पूर्णतः सिद्ध झालेला नाही.

प्रत्यक्ष व्यवहारात याचा उपयोग असा की, शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत रुग्णाचा हात उचलत नसेल किंवा शब्द सापडत नसेल, तर ते औषधाच्या उरलेल्या अंशामुळेही असू शकते आणि औषध उतरल्यावर सुधारू शकते. येथे एक सावधगिरीचा इशारा देणे अगत्याचे आहे. 'भुलीचा अंमल असेल' असे म्हणून नातेवाइकांनी स्वस्थ बसू नये. हीच लक्षणे आतील रक्तस्रावाची, सुजेची किंवा नुकत्याच येऊन गेलेल्या फिटची असू शकतात. नवी दुर्बलता दिसली किंवा रुग्ण अपेक्षित वेळेत शुद्धीवर आला नाही, तर डॉक्टर तातडीने सी. टी. स्कॅन करतात ते यासाठीच. मेंदूच्या शस्त्रक्रियेत लवकर उतरणारी औषधे निवडण्याकडे भूलतज्ज्ञांचा कल असतो, त्यामागेही हाच हेतू असतो. रुग्ण लवकर बोलता झाला पाहिजे, म्हणजे बिघाड लवकर कळेल.

जागेपणी शस्त्रक्रिया, आणि भाषेचा प्रश्न

गाठ भाषेच्या किंवा हालचालीच्या क्षेत्रालगत असेल तर काही केंद्रांत रुग्णास जागे ठेवून शस्त्रक्रिया केली जाते. हे ऐकून गावाकडील माणूस दचकतो आणि ते स्वाभाविक आहे. परंतु मेंदूच्या द्रव्यास स्वतःस वेदना होत नाही. वेदना होते ती डोक्याच्या त्वचेस, हाडावरील पडद्यास आणि मेंदूच्या बाह्य आवरणास. ही स्थाने सुईने बधिर करता येतात. कॅनडात माँट्रियल येथे वाइल्डर पेनफिल्ड यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या पद्धतीने शेकडो रुग्णांच्या मेंदूचे नकाशे तयार केले. आज बहुधा असे करतात की, आरंभी रुग्णास गुंगी देऊन कवटी उघडावी, मग औषध थांबवून त्यास जागे करावे. शल्यचिकित्सक मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्-प्रवाह देतो, त्याच वेळी रुग्णास चित्रे दाखवून नावे विचारली जातात. प्रवाह लागताच शब्द अडला, तर ती जागा सोडून द्यायची.

अशा विद्युत्-चाचणीचा लाभ किती? २०१२ मध्ये जगभरातील ग्लायोमाच्या ८,०९१ रुग्णांवरील अहवाल एकत्र करून पाहण्यात आले. चाचणी करून शस्त्रक्रिया झालेल्यांत दीर्घकाळ टिकणारी गंभीर उणीव ३.४ टक्के रुग्णांत, तर चाचणीविना झालेल्यांत ८.२ टक्के रुग्णांत आढळली. यातील सर्वच रुग्ण जागे होते असे नाही, कारण हालचालीची चाचणी पूर्ण भुलीतही करता येते. भाषेची मात्र येत नाही. भुलीत देवघेव तुटलेली असते, हे वर पाहिलेच.

येथे भूलतज्ज्ञांचे कौशल्य पणास लागते. गुंगी पुरेशी उतरली नसेल तर रुग्ण नाव चुकतो आणि तो गाठीमुळे चुकला, प्रवाहामुळे चुकला की औषधामुळे, हे सांगता येत नाही. नकाशाच चुकीचा होतो. डेक्समेडेटोमिडीनसारखे औषध, ज्यात हाक मारताच रुग्ण जागा होतो, अनेक ठिकाणी पसंत केले जाते ते यामुळे.

आणि येथेच दोडामार्गसारख्या सीमाप्रदेशाचा एक खास प्रश्न उभा राहतो. येथील माणूस घरी मालवणी किंवा कोंकणी बोलतो, शाळेत प्रमाण मराठी शिकलेला असतो, आणि रुग्णालयात त्यास हिंदी, कन्नड किंवा इंग्रजी मिश्रित बोलणे ऐकावे लागते. १९७८ मध्ये जॉर्ज ओजेमान आणि हॅरी व्हिटेकर यांनी द्विभाषिक रुग्णांच्या मेंदूचा नकाशा काढून दाखविले की, दोन भाषांची काही स्थाने सामाईक असली तरी काही निरनिराळी असतात. मग चाचणी एकाच भाषेत झाली तर दुसऱ्या भाषेची जागा धोक्यात येऊ शकते. ज्या आजीने जन्मभर कोंबड्यास 'कोंबो' म्हटले आणि नातवास 'झील' म्हणून हाक मारली, तिला चित्र दाखवून 'मुर्गा' या उत्तराची अपेक्षा धरणे योग्य होणार नाही. तिचे मौन हे मेंदूचे मौन समजले जाण्याचा धोका आहे.

बोधनशक्तीच्या लेखी चाचण्यांनाही हे लागू पडते. माँट्रियल येथे तयार झालेल्या एका सुप्रसिद्ध लघुचाचणीचे मराठी रूप उपलब्ध आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीय भाषांसाठी विकसित केलेला चाचणीसंच मात्र आरंभी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांत सिद्ध झाला. मराठी त्या पाचांत नव्हती, मालवणी तर दूरच राहिली. शाळा न पाहिलेल्या माणसास घड्याळाचे चित्र काढावयास सांगून त्याची बुद्धी मोजणे किती न्याय्य, हाही प्रश्न आहेच. भाषाशिक्षकांनी आणि विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी यात लक्ष घातले तर ती मोठी सेवा ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

शुद्ध आल्यानंतरचे दिवस

भुलीने बोधनशक्ती कायमची क्षीण होते काय, या मूळ शंकेकडे आता वळू. मेंदूचा आजार नसलेल्या रुग्णांवरील एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. साठ व त्यापुढील वयाच्या १,२१८ रुग्णांची, हृदयाव्यतिरिक्त अन्य मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, बोधनचाचणी करण्यात आली. एका आठवड्यानंतर २५.८ टक्के रुग्णांत घट दिसली; तीन महिन्यांनी ते प्रमाण ९.९ टक्क्यांवर आले. याच गटाच्या २००३ मधील पुढील अभ्यासात, पूर्ण भूल दिलेल्या आणि केवळ कमरेखालचा वा त्या त्या भागापुरता बधिरपणा आणलेल्या रुग्णांत तीन महिन्यांनंतर लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे जी घट राहते तिचे सारे खापर भुलीच्या औषधावर फोडता येत नाही. शस्त्रक्रियेचा शरीरावरील ताण, दाह, वय, आधीच असलेली झीज, झोपमोड, जंतुसंसर्ग यांचाही तीत वाटा असतो. २०१८ पासून तज्ज्ञांनी या विकारांचे नावच बदलले आणि त्यात शस्त्रक्रियेपूर्वीच्या झिजेचाही समावेश केला.

मेंदूतील गाठीच्या रुग्णांत हा गुंता अधिक वाढतो. सूज उतरविण्यासाठी १९६१ पासून वापरात आलेले डेक्सामेथासोन काही रुग्णांस अस्वस्थ करते व त्यांची झोप उडविते. फिटवरील लेव्हेटिरासेटाम हे औषध घेणारे काहीजण चिडखोर होतात. पुढे किरणोपचार सुरू झाले तर त्यांचाही परिणाम असतो. याबाबत मुंबईतील एका अभ्यासाचा उल्लेख केला पाहिजे. टाटा स्मारक केंद्रात २००१ ते २०१२ या काळात मेंदूतील सौम्य वा मंद वाढीच्या गाठी असलेल्या २०० मुलांवर व तरुणांवर दोन प्रकारच्या किरणोपचारांची तुलना करण्यात आली, आणि गाठीपुरत्या नेमक्या रोखलेल्या किरणांनी पाच वर्षांनंतर बोधनशक्ती अधिक चांगली राखली गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तो अभ्यास भुलीचा नव्हे. परंतु रुग्ण किती वर्षे जगला याबरोबरच तो कोणत्या बुद्धीनिशी जगला हेही मोजावे लागते, आणि ते आपल्या राज्यात मोजले गेले आहे, हे त्यावरून दिसते.

गाठीच्या शस्त्रक्रियेत अमुकच भूल बोधनशक्तीस निःसंशय सुरक्षित, असा निर्वाळा देता येईल इतका पुरावा अद्याप नाही. विद्युत्-आलेख पाहून भुलीची खोली नियंत्रित केली तर वृद्धांतील तात्पुरता बुद्धिभ्रम टळेल अशी अपेक्षा होती; २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ती फलद्रूप झाली नाही. यातून घ्यावयाचे ते इतकेच की, गाठ ठेवून भूल टाळणे हा सौदा बहुतेक प्रसंगी तोट्याचा असतो. भुलीचा अंमल तासांत वा दिवसांत उतरतो. वाढणाऱ्या गाठीचा दाब तसा उतरत नाही.

गावी परतल्यावर

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही दिवसांत, विशेषतः साठीपुढील रुग्णांत, बुद्धिभ्रम होऊ शकतो. रुग्णालयास घर समजणे, गेलेल्या माणसास हाका मारणे, दिवसा झोप व रात्री तळमळ, असे त्याचे स्वरूप असते. यास वेड म्हणू नये, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. ओळखीचा माणूस जवळ असणे, चष्मा व कानयंत्र परत देणे, खिडकीतून दिवस-रात्र दिसणे, रात्री दिवा मंद करणे, आणि घरच्या बोलीत तोच तो पत्ता व वार शांतपणे सांगत राहणे, याने पुष्कळ लाभ होतो. झोपेची गोळी आपल्या मनाने देऊ नये. मिडाझोलामच्या कुळातील औषधे अशा मेंदूस किती हळवी ठरतात हे वर आलेच आहे, आणि झोपेच्या कित्येक गोळ्या त्याच कुळातील असतात.

तलाठी, ग्रामसेवक, बँका व पतसंस्था यांच्या अधिकाऱ्यांसाठी एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. अशा रुग्णाची सही किंवा अंगठा वाटपपत्र, खरेदीखत, कर्जरोखा यांवर घाईने घेऊ नये. तो माणूस आपणाशी नीट बोलतो आहे असे वाटले तरी चार गोष्टी एकाच वेळी मनात धरून निर्णय घेण्याची शक्ती बोलण्यापेक्षा उशिरा परत येते. रुग्णाचे हित आणि दस्तऐवजाची विश्वसनीयता, दोन्ही दृष्टींनी डॉक्टरांचा अभिप्राय घेऊन थांबणे श्रेयस्कर.

कामावर परतण्याचेही तसेच आहे. शिक्षक वर्गावर उभा राहून धडा शिकवू शकेल, पण चाळीस मुलांच्या गोंगाटात हजेरीपट भरताना गोंधळेल. लिपिक पत्र लिहील, पण मध्येच दूरध्वनी आला तर पत्राचा धागा हरवेल. ही आळसाची लक्षणे नव्हेत. अशांस आरंभी अर्धवेळ, एका वेळी एकच काम, आणि लेखी सूचना दिल्या तर पुष्कळांचे निभावते. काही रुग्णांस उणीव कायमची राहिली तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २० शासकीय आस्थापनांस बंधनकारक आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास त्या कारणाने काढून टाकता येत नाही वा पदावनत करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर घ्यावे लागते, आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. कार्यालयप्रमुखांनी हे कलम स्वतः वाचावे. रुग्णाने ते शोधून आणावे अशी अपेक्षा धरू नये.

फिटवरील औषधांचा डोस चुकू देऊ नये, हे सांगणे नलगे, तरी सांगितले पाहिजे. कारण गोळ्या संपल्या आणि पुढची तारीख लांब आहे म्हणून त्या थांबविल्याची उदाहरणे खेड्यापाड्यांत घडतात. गोळ्या संपण्याच्या आठवडाभर आधीच आशा कार्यकर्तीस किंवा जवळच्या आरोग्य केंद्रास कळवावे.

शस्त्रक्रियेस निघण्यापूर्वी आणखी एक काम गावातच होऊ शकते. भूलतज्ज्ञ व शल्यचिकित्सक रुग्णास प्रथमच पाहत असतात. तो आधी कसा होता हे त्यांस ठाऊक नसते. म्हणून एका कागदावर लिहून द्यावे की, रुग्ण घरी कोणती बोली बोलतो, शाळेत कोणत्या भाषेत व कुठवर शिकला, लिहिण्याचा हात कोणता, गेल्या सहा महिन्यांत बोलण्यात, हिशेबात, स्वभावात वा चालण्यात काय बदलले, कोणता हात वा पाय पूर्वी कधी दुबळा होऊन सुधारला होता, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय आहे काय, आणि सध्या कोणती औषधे सुरू आहेत. पूर्वी सुधारलेला हात भुलीनंतर पुन्हा दुबळा दिसला, तर ही एक ओळ डॉक्टरांस फार उपयोगी पडते. असा कागद गावातील शिक्षक घरच्यांस विचारून अर्ध्या तासात लिहून देऊ शकतील. त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक रुग्णाच्या कागदपत्रांत ठेवावी व दुसरी भूलतज्ज्ञांच्या हाती द्यावी.